सुतारकाम शिकवणाऱ्या सरांवर स्मृतिलेख : काय लिहावे?

प्रश्न : माध्यमिक शाळेत आम्हाला सुतारकाम शिकवणारे सर नुकतेच निवर्तले. शोकसभेत वाचण्यासाठी लेख लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. पण नोकरीची वर्षे आणि स्वभावाची विशेषणे यांपलीकडे लेखणी सरकत नाही. माजी विद्यार्थ्यांनी कृपया आठवणी कळवाव्यात.

उत्तर १ : विशेषणे गाळा, हात आठवा. पटाशीला साधारण २५ अंशांचा उतार देऊन झाला, की सर तिची कड दगडावर ३० अंशांत घासत आणि मग कागदाचा तुकडा त्या धारेवर अलगद सोडत; तो चिरला नाही, तर काही न बोलता पटाशी आपल्या हातात परत येई.

उत्तर २ : माझे पहिले स्टूल डुगडुगत होते. सरांनी ते टाकू दिले नाही. फळी दमट हवेत रुंदीकडे फुगते, लांबीकडे जवळपास नाहीच, त्यामुळे ती चारही बाजूंनी घट्ट ठोकली तर तडकणारच, हे त्यांनी त्याच स्टुलावर दाखवले. (ते स्टूल अजून वापरात आहे, आणि अजूनही किंचित डुगडुगते.)

उत्तर ३ : त्यांचा रागही लिहा. करवतीजवळ कोणी सैल बाही घालून उभा राहिला, की एरवी शांत असणारा तो माणूस अख्खा वर्ग थांबवत असे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सुरुवात त्या कागदाच्या तुकड्यापासूनच करतो.