पोपची नजर, पारेहाची मान: व्यक्तिचित्रातला स्वभाव नेमका कोणाचा?

मूळ लेखन:
दिएगो वेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराने १६५० च्या सुमारास रोममध्ये रंगवलेले पोप दहावे इनोसंट यांचे व्यक्तिचित्र पाहिले की, स्वभाव दाखवायला कोणताही प्रसंग लागत नाही, याची मला खात्री पटते. लाल खुर्ची, लाल टोपी, लाल अंगवस्त्र अशा त्या तांबड्या पसाऱ्यातून दृष्टी शेवटी आवळलेल्या ओठांवर आणि पाहणाऱ्यावर रोखलेल्या संशयी डोळ्यांवरच येऊन थांबते. पदाचा मान राखला आहे, तरी माणूस लपलेला नाही.

प्रतिसाद १:
मला हे पटत नाही. पोपच्या सत्तेविषयी जे आपण ऐकलेले असते, तेच आपण त्या डोळ्यांत वाचतो. त्याच वर्षी वेलास्केसने हुआन दे पारेहाचे चित्र काढले. पारेहा तेव्हा त्याचा गुलाम होता. चित्र मार्चमध्ये पँथिऑन या रोममधल्या प्राचीन मंदिरवास्तूत मांडले गेले, मुक्ततेचा दस्तऐवज नोव्हेंबरात झाला आणि तोही चार वर्षांनंतर लागू होणारा. ताठ मान, पोटाशी आडवा धरलेला हात, पांढरी जाळीदार कॉलर, हा बाणेदारपणा पारेहाचा की त्याला तसे उभे करणाऱ्या मालकाचा? पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला आणि १६६१ मध्ये संत मॅथ्यूच्या पाचारणाच्या, म्हणजे येशू त्याला शिष्य म्हणून बोलावतो त्या प्रसंगाच्या, चित्रात डाव्या कडेला त्याने स्वतःला रंगवले, तेव्हा वर्ण उजळ आणि चेहरा निमुळता केला. यांतला खरा पारेहा कोणता?

मूळ लेखक:
आक्षेप मोलाचा आहे. मात्र वर्ण आणि ठेवण म्हणजे स्वभाव नव्हे. १६६१ च्या त्या चित्रातही पारेहा स्वतःच्या नावाचा कागद हाती घेऊन आपल्याकडेच पाहतो. ही न झुकणारी नजर दोन्हीकडे आहे, आणि दुसऱ्या वेळी कुंचला त्याच्याच हातात होता.

प्रतिसाद २:
मी हौसेने व्यक्तिचित्रे काढतो. समोर बसलेला माणूस पहिला अर्धा तास चेहरा सांभाळून असतो. मग खांदे सैलावतात, ओठांची कड उतरते, आणि तेथून पुढे मी जे टिपतो, त्यात तो जितका असतो तितकेच आमच्या दोघांमधले नातेही असते.

प्रतिसाद १:
नात्याचा मुद्दा मान्य आहे, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. ज्याला त्या बैठकीला नकार देण्याची मुभा नव्हती, त्याचा चेहरा किती सैलावला असेल?