मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम : शिकलेले कोठे उपयोगी पडले? (अनुभव धागा)

आरोग्य, विज्ञान आणि समाज या विषयांवरचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आज इतके झाले आहेत की त्यांची नुसती यादी देऊन कोणाचे भले होत नाही. म्हणून ज्यांनी एखादा अभ्यासक्रम शेवटपर्यंत नेला आहे, त्यांना एवढीच विनंती केली होती की, त्यातली कोणती गोष्ट पुढे घरात किंवा कामावर उपयोगी पडली ते नेमकेपणाने लिहावे. आलेल्या अनुभवांपैकी काही येथे देत आहे. आपलेही जरूर जोडा.

ठाणे, घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या सूनबाई

सासूबाईंना अल्झायमर असल्याचे निदान झाले तेव्हा औषधांची चिठ्ठी हातात पडली, पण पुढे काय वाढून ठेवले आहे हे कोणी बसून सांगितले नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठाच्या विकिंग केंद्राचा ‘अंडरस्टँडिंग डिमेन्शिया’ हा अभ्यासक्रम भाचीने सुचवला. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. तो मेंदू, आजार आणि माणूस अशा तीन भागांत शिकवतात, आणि वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्यालाही तो झेपतो. नव्या आठवणी साठवण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो आणि अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच त्याला इजा होते. त्यामुळे सकाळचा चहा घेतल्याचे आठवत नाही, पण माहेरचा आड मात्र डोळ्यांपुढे असतो, हे मला तेथे समजले.

दिवेलागणीला सासूबाई पिशवीत साडी भरून दारात उभ्या राहतात आणि म्हणतात, “मला घरी सोड गं, आई वाट बघत असेल.” आई कधीच गेली असे सांगितले, तर ते दुःख त्यांना दर वेळी नव्याने सोसावे लागते. म्हणून आता मी विचारते, “आई काय करत असतील हो आत्ता?” मग चूल, भाकरी, गोठा असे बोलत बोलत त्या पलंगावर येऊन बसतात आणि पिशवी बाजूला राहते. हा आजार शेवटी जीवावर बेततो, अखेरच्या टप्प्यात गिळणेही अवघड होते, हे आधीच कळल्यामुळे नळीने अन्न द्यायचे की नाही याविषयी घरातल्यांशी शांतपणे बोलता आले. माझ्या मते हा अभ्यासक्रम मराठीत यायलाच हवा, कारण घरोघरी ही सेवा करणाऱ्या बहुतेक बायकांना इंग्रजीतून इतके ऐकणे शक्य नाही.

पालघर जिल्हा, आरोग्यसेविका

भाषेची ही अडचण मला आली नाही. आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आरोग्य आणि पोषणाची मालिका मराठीतही आहे आणि ती मोबाइलवर विनामूल्य पाहता येते. गृहभेटीला गेले की बाळंतिणीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “ताई, दूध पुरत नाही, वरचे सुरू करू का?” अनेकदा दूध असते, पण बाळाची पकड चुकलेली असते. आईने बाळाकडे वाकू नये, ताठ बसून बाळाला स्तनाकडे आणावे, बाळाचे पोट आपल्या पोटाला टेकवावे, आणि नुसते स्तनाग्र न देता खालच्या बाजूचा काळा भाग जास्तीत जास्त त्याच्या तोंडात जाईल असे पाहावे, हे मी आता मोबाइलवरचे चित्र दाखवून सासू आणि सून दोघींना समजावते. सासूला पटले की अर्धे काम झाले.

लातूर, वरिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापक

आय.आय.टी. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2003 साली सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण प्रकल्पाचे अभ्यासक्रम आता केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर मिळतात. शिकणे मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. दर आठवड्याच्या स्वाध्यायाची मुदत पाळावी लागते, आणि ती मुदतच मला सर्वांत मोलाची वाटते. जैवसांख्यिकीतले (आरोग्य आणि जीवशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या संख्याशास्त्रातले) एक उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर सोडवतो. दहा हजार लोकांत दहा जणांना असलेला आजार, आणि आजारी व निरोगी दोघांनाही 99 टक्के अचूक ओळखणारी चाचणी घ्या. निरोगी 9,990 जणांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे शंभर जण, चुकून आजारी ठरतील. म्हणजे सुमारे 110 जणांचे अहवाल पॉझिटिव्ह येतील आणि त्यांपैकी खरे आजारी जेमतेम दहाच असतील. वर्ग एकदम जागा होतो.

मेळघाट, स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ती

अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांचा जागतिक दारिद्र्यावरचा अभ्यासक्रम मी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर विनाशुल्क पाहिला. या दोघांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात त्यांनी बालकांच्या लसीकरणावर केलेल्या प्रयोगाने मला गुंतवून ठेवले. जेथे काहीच वेगळे केले नाही त्या गावांत 6 टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले, जेथे दरमहा खात्रीचे शिबिर भरले तेथे 18 टक्के, आणि जेथे शिबिरात दर लशीमागे किलोभर डाळ व शेवटी स्टीलची ताटे दिली तेथे 39 टक्के. डाळ वाटूनही दर बालकामागचा खर्च उतरला, कारण तेच कर्मचारी तेवढ्याच वेळात अधिक मुलांना लस देऊ शकले. आई-वडिलांना अज्ञानी ठरवून मोकळे होणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाला आज काय मिळते, याला फार महत्त्व आहे.

आता शिबिराला किती मुले आली एवढेच आम्ही मोजत नाही. जेथे शिबिर भरत नाही अशा शेजारच्या गावांतही तीच नोंद ठेवतो. सहकाऱ्यांना हे दुप्पट काम वाटते, परंतु त्यावाचून वाढलेले लसीकरण शिबिरामुळे वाढले की त्याच सुमारास रस्ता झाल्यामुळे, हे आम्हाला सांगता येणार नाही.