टेलनेटचं पोर्ट राउटरवर उघडावं का?

टॉवेलवाला_एमआयडीसी:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे. हिशेब उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर, पण मागांचं उत्पादन मोजणारा कंट्रोलर जुना, त्याला फक्त टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत) कळतं. मालकांना दोन्ही चाटी गल्लीतल्या दुकानातून बघायचंय. टेलनेटचं पोर्ट २३ राउटरवर फॉरवर्ड करून, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येऊ देऊन, पासवर्ड मोठा ठेवला तर चालेल का?

रूट_सोलापूर:
नका उघडू. पासवर्ड कितीही मोठा असो, टेलनेट तो उघडाच पाठवतं. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर) 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' लावून बघा: युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल, कारण सर्व्हर ते परत पाठवतो. पासवर्डची अक्षरं एकेकदाच, पण स्वच्छ वाचता येतात. २०१६ चं मिराई बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या उपकरणांचं जाळं) अशीच उघडी टेलनेट पोर्टं शोधून कंपनीचे मूळ पासवर्ड लावत पसरलं.

फक्त एसएसएच (सगळं कूटबद्ध करून पाठवणारं लॉगिन) बाहेर ठेवा, पोर्ट २२. दुकानातल्या मशीनवर 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९' चालवा (टी स्मॉल), त्यातून किल्ल्यांची जोडी बनते; त्यातली पब्लिक की सर्व्हरवर टाका. मग (एल कॅपिटल):
एसएसएच -एल २३२३:कंट्रोलरचा-आयपी:२३ युजर@सर्व्हर
याने दुकानातल्या मशीनचं पोर्ट २३२३ सर्व्हरमार्गे कंट्रोलरच्या २३ ला जोडलं जातं. ही खिडकी चालू ठेवून दुसरीत 'टेलनेट लोकलहोस्ट २३२३'. कंट्रोलरला हात लावायची गरजच नाही.

की टाकूनही पासवर्ड मागत असेल तर परवानग्या बघा: डॉट-एसएसएच फोल्डर ७००, आतली ऑथराइज्ड-कीज फाइल ६००. होम फोल्डरवर ग्रुपला राइट असलं तरी की नाकारली जाते, आणि क्लायंटला कारण दिसत नाही. ते सर्व्हरच्या ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींत) सापडतं.

पोर्ट_बावीस:
की चालली की पासवर्ड लॉगिन बंद करा. इथे एक खोच आहे: उबुंटूत एसएसएचच्या मुख्य कॉन्फिग फाइलच्या वरच इन्क्लूडची (दुसऱ्या फाइली आत ओढणारी) ओळ असते आणि पहिली सापडलेली किंमत लागू होते. वेगळ्या फोल्डरातल्या फाइलीत 'यस' असेल तर तुम्ही खाली लिहिलेलं 'नो' वाया जातं. खरं काय लागू आहे ते 'एसएसएचडी -टी' सांगतं, टी कॅपिटल. स्मॉल टी फक्त चुका तपासते. रीस्टार्ट केल्यावर जुनं सेशन बंद करू नका, आधी नव्या खिडकीतून आत जाऊन बघा.

टॉवेलवाला_एमआयडीसी:
म्हणजे कंट्रोलरपर्यंत सगळं सुरक्षित?

रूट_सोलापूर:
नाही, एसएसएचचा हा बोगदा सर्व्हरपाशी संपतो. पुढचा तुकडा उघडाच. कंट्रोलर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच नेटवर्कमधला वेगळा केलेला भाग) टाका, त्याच्या पोर्ट २३ ला फक्त सर्व्हरचा आयपी पोचू द्या. ऑफिसच्या वायफायवरून तो पिंगही होता कामा नये.