लेडीकिलर्स (२००४): घर उचलून नेलं, घरातला धाक मागेच राहिला

प्रोजेक्टर
अमेरिकन दिग्दर्शक कोएन बंधूंचा 'द लेडीकिलर्स' काल दुसऱ्यांदा पाहिला आणि पुन्हा तितकाच हिरमुसलो. पहिल्या वेळी वाटलं होतं, आपलंच मन लागलं नसेल. आता खात्री झाली. (खाली शेवटासकट सगळं उघड केलं आहे.)

मूळ चित्रपट १९५५ चा, लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ एक कललेलं घर. त्यात मिसेस विल्बरफोर्स ही एकटी म्हातारी आणि तिचे पोपट. अ‍ॅलेक गिनेसचा 'प्रोफेसर' तिच्याकडे खोली भाड्याने घेतो आणि चार साथीदारांना घेऊन वाद्यांच्या तालमी चालल्याचं भासवतो. प्रत्यक्षात ग्रामोफोनवर बोकेरिनी या संगीतकाराची तबकडी वाजत असते आणि दाराआड दरोड्याचा बेत शिजत असतो. म्हातारीला कळतं, तिला मारायचं ठरतं, आणि मारायला निघालेलेच एकामागून एक मरतात.

कोएननी ही गोष्ट मिसिसिपीत नेली. कॅसिनो, भुयार, मार्वा मन्सन नावाची चर्चला जाणारी विधवा आणि प्रोफेसर म्हणून टॉम हँक्स. गोष्ट नेली याला माझी हरकत नाही. पण मूळ चित्रपटात हसू कुठून येतं ते बघा. दरोडा झाला आहे, पैसे घरात आहेत, आता निसटायचं. तेवढ्यात म्हातारीच्या मैत्रिणी चहाला येतात. पाच दरोडेखोर हातात कपबशा धरून उभे, आणि पियानोभोवती त्या म्हाताऱ्यांबरोबर गाणं म्हणतात! त्यांना कुणी बांधून ठेवलेलं नाही. फक्त वडीलधाऱ्या बाईसमोरून असं उठून जाता येत नाही. सगळा चित्रपट या एका अवघडलेपणावर उभा आहे.

नव्या चित्रपटात त्या जागी काय आलं? टोळीतल्या गवेनच्या तोंडच्या शिव्या आणि पॅनकेक नावाच्या त्याच्या साथीदाराच्या पोटाची तक्रार. पोट बिघडण्याचा विनोद कुठल्याही घरात चालेल. त्याला मार्वाची गरजच नाही.

भरतवाक्य
असहमत. शिव्या तिथे उगाच आलेल्या नाहीत. मार्वाच्या घरात वाईट शब्द निघाला की ती गवेनच्या कानशिलात देते. त्याने शिवी दिलीच नाही, तर तिने दटावायचं कशावरून? लंडनच्या म्हातारीचा धाक चहाच्या टेबलाचा, हिचा धाक बॅप्टिस्ट चर्चचा. माणसं वेगळी, प्रांत वेगळा, मग मर्यादाही वेगळ्या असणार. मार्वा झालेल्या आयर्मा पी. हॉलला याच भूमिकेसाठी २००४ साली कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं, ते उगाच नाही. भिंतीवरच्या दिवंगत नवऱ्याच्या तसबिरीचे बदलणारे भावही पुन्हा बघा.

सांजवेळ
मी मूळ पाहिलेला नाही, आणि मला हा आवडला. पुलावरून खालच्या कचऱ्याच्या पडावात (कचरा वाहणाऱ्या बोटीत) प्रेतं टाकण्याची कल्पना आणि मागे गॉस्पेल संगीत, दोन्ही लक्षात राहिलं. जुनं न पाहता आलेल्या प्रेक्षकालाही चित्रपटाने काही द्यायला हवं की नको?

प्रोजेक्टर
सांजवेळ, द्यायलाच हवं. संगीताबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. पडाव मात्र जुन्याचाच अवतार: तिथे घरामागून जाणाऱ्या मालगाडीच्या उघड्या वाघिणींत प्रेतं टाकतात.

भरतवाक्य, आयर्मा हॉल उत्तमच आहे, म्हणून तर जास्त हळहळ वाटते. चिठ्ठी गवेनच्या नावावर निघते, तो तिला मारायला जातो आणि त्याला तिच्यात आई दिसते. पण ते कळावं म्हणून त्याचं लहानपण वेगळं काढून दाखवावं लागतं. १९५५ मध्ये टोळीतला वन-राउंड हा आडदांड गडी म्हातारीची बाजू घेतो तेव्हा असा पूर्वेतिहास लागत नाही, कारण तोपर्यंत त्या घरातला तिचा जिव्हाळा आपणही पाहिलेला असतो.

तिसरी घंटा
प्रोजेक्टर यांना +१, पण कारण थोडं वेगळं. उसनं घेणं ही कोएनची जुनी सवय आहे आणि ती त्यांना एरवी छान साधते. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हे नावच प्रेस्टन स्टर्जेसच्या १९४१ च्या चित्रपटातून उचललेलं, तरी चित्रपट अंतर्बाह्य त्यांचा. इथे तसं झालं नाही. ही पटकथा त्यांनी मुळात बॅरी सोननफेल्डने दिग्दर्शित करावी म्हणून लिहिली होती. तो बाजूला झाल्यावर स्वतः हाती घेतली. मला ते पडद्यावर जाणवतं.

आणि उसनवारी कशी मुरते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून घेतला, पण लीलाबाई काळभोर पुण्याच्याच वाटतात. तिथेही घरमालकीणच आहे, तिलाच फसवायचं आहे. खोली मिळण्याची निकड एवढी खरी, की उसनेपणा आठवतही नाही.

भरतवाक्य
तिसरी घंटा, मग हाच निकष लावा. मार्वा दर महिन्याला पाच डॉलर बॉब जोन्स विद्यापीठाला पाठवते, आणि शेवटी पोलीस विश्वास ठेवत नाहीत तेव्हा लुटीचे सगळे पैसेही तिथेच द्यायचं ठरवते. या ख्रिस्ती विद्यापीठाने १९७१ पर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले नव्हते आणि आंतरवंशीय प्रेमसंबंधांवरची बंदी २००० साली उठवली. एक कृष्णवर्णीय भाविक बाई तिथे निष्ठेने देणगी देते, हे ईलिंगच्या चित्रपटात कुठे होतं? हे तिथल्याच मातीतलं आहे.

प्रोजेक्टर
हा मुद्दा मानला. त्या पाच डॉलरमध्ये विनोदही आहे आणि दुखणंही, आणि मार्वाला त्याची जाणीव नाही म्हणून ते जास्त लागतं. पण त्यासाठी ना भुयार लागतं, ना खोटा वाद्यवृंद, ना हँक्सचा एडगर अ‍ॅलन पो-च्या कविता म्हणणारा प्रोफेसर. तिची गोष्ट सुरू होते आणि दर वेळी जुना आराखडा तिला बाजूला सारून पुढे निघतो. कोएननी ईलिंगला हात न लावता नुसता मार्वा मन्सनचा चित्रपट काढला असता, तर मी तो तिसऱ्यांदाही पाहिला असता.