अनुभव धागा: जुन्या गाडीचा आवाज केव्हा येतो, ते लिहा

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो आणि असे दहा-बारा उन्हाळे काढलेल्या गाडीचे रबर, मग ते इंजिन फाउंडेशनचे (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांचे) असो वा एक्सलच्या बुटाचे (सांध्यावरच्या रबरी आवरणाचे), कडक होऊन चिरू लागते. पाठोपाठ येणारा पाऊस त्या चिरांतून पाणी आणि माती आत नेतो. माझ्या चौदा वर्षे जुन्या गाडीतून गेल्या वर्षी घूं-घूं असा आवाज येऊ लागला, तेव्हा तीन ठिकाणी मी तो तोंडाने काढून दाखवला आणि तीन निरनिराळी निदाने घेऊन परतलो. चौथ्या मिस्त्रींनी मात्र कागद पुढे केला आणि आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो, ॲक्सिलरेटर सोडल्यावर राहतो का आणि वळताना बदलतो का, एवढेच लिहून आणायला सांगितले. त्या कागदावरून निदान अर्ध्या तासात झाले.

म्हणून सर्वांना विनंती आहे की, आवाज कसा होता यापेक्षा तो केव्हा येत होता आणि केव्हा थांबत होता, हे सविस्तर लिहावे. गाडीची ताकद पुढच्या चाकांना मिळते की मागच्या, हेही नोंदवावे. ॲम्बेसेडरमध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलच्या हाउसिंगपर्यंत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद मागे नेणारा लांब दांडा, जात असे. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये तो नव्हताच, त्यामुळे एका गाडीचा अनुभव दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

त्रिमूर्ती नगर (धागाकर्ता)

पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, 1,20,000 किलोमीटर. आवाज ताशी 40 नंतर सुरू होई आणि वेगाबरोबर चढत जाई. आपल्या सिमेंट रस्त्यांवर टायरचा आवाज मुळातच मोठा येतो, म्हणून मी कित्येक आठवडे रस्त्यालाच दोष देत राहिलो. परंतु डांबरी रस्ता लागल्यावरही तो गेला नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर 60 च्या वेगाला गाडी न्यूट्रल केली, इंजिन शांत झाले, घूं-घूं मात्र तशीच राहिली. इंजिन आणि क्लच तिथेच संशयातून सुटले. नंतर हलके उजवे वळण घेताना आवाज वाढतो आणि डाव्या वळणावर दबतो, हे लक्षात आले. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर येते, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर गेला. मिस्त्रींनी गाडी स्टँडवर घेतली, माझा हात डाव्या चाकाच्या सस्पेन्शन स्प्रिंगवर ठेवायला लावला आणि चाक फिरवले. फिरत्या जात्याला हात लावावा तशी बारीक खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवली. उजवीकडे काहीच जाणवले नाही. काढलेल्या बेअरिंगच्या कड्यावर नख अडकेल असे खड्डे पडले होते.

मनीष नगर

माझीही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. पार्किंगमधून स्टेअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट होई, सरळ रस्त्यावर काहीही नाही. चाकामागे वाकून पाहिले तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसले. बूट फाटला होता. मी चार महिने तशीच गाडी चालवली, याचे वाईट वाटते, कारण आवाज येण्याआधी बूट आणि ग्रीस बदलले असते तर बुटाखालचा जॉइंट (एक्सलचा सांधा) कदाचित वाचला असता. ‘ताई, आता नुसता बूट टाकून फायदा नाही, आत माती गेली आहे,’ असे मिस्त्रीदादांनी स्पष्ट सांगितले. बाहेरचा जॉइंट बदलल्यावर कट-कट थांबली, पण सेमिनरी हिल्सचा चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी डावी-उजवीकडे थरथरे आणि पाय उचलताच शांत होई. ते गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटचे काम निघाले.

महाल

मी निवृत्त शिक्षक असून माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी जुनी सात आसनी डिझेल गाडी आहे. एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट बदलून घेतली आणि त्याच संध्याकाळी वर्धा मार्गावर 70 ते 80 च्या दरम्यान गाडी व्हायब्रेशन मारू लागली. थरथर स्टेअरिंगमध्ये नव्हती, ती आसनाखालून येत होती. सांगितल्याप्रमाणे मी दोनदा व्हील बॅलन्सिंग करून घेतले. तिळमात्र फरक पडला नाही.

त्यानंतर मी स्वतः हिशेब मांडला. ताशी 80 म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटर. माझ्या टायरचा घेर सुमारे 2.2 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला दहा वेळा फिरते. डिफरन्शियलचे (मागच्या एक्सलमधल्या गिअरचे) प्रमाण चारास एक धरले, तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला चाळीस फेऱ्या घेतो. चाकाचा दोष असता तर झुलता हादरा बसला असता. माझ्या गाडीत तर पायाखाली बारीक गुंजन होते. चौथा गिअर, पाचवा गिअर आणि न्यूट्रल, तिन्हींत ते त्याच वेगाला येत होते, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नव्हता.

दुसऱ्या मिस्त्रींना हा हिशेब दाखवला. त्यांनी शाफ्ट उतरवला, तेव्हा सरकत्या भागाच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (शाफ्टचे सांधे) एका रेषेत नसल्याचे दिसले. क्लचच्या कामात शाफ्ट खुणा न करता उतरवला गेला होता आणि बसवताना दाते चुकले होते. त्यांनी तो जुळवून बसवला, पांढऱ्या रंगाची रेघ मारली आणि मला म्हणाले, ‘सर, पुढच्या खेपेला कोणीही खोलला तरी आधी ही रेघ दाखवा.’

हिंगणा मार्ग

मी गॅरेज चालवतो. सिग्नलवर एसी सुरू असताना गाडी थरथरते आणि क्लच सोडताना धक्का बसतो, अशी तक्रार आली की मी प्रथम फाउंडेशन पाहतो. हँडब्रेक पक्का ओढून, सहकाऱ्याला पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगतो आणि बाजूला उभे राहून इंजिन किती उचलले जाते ते पाहतो. गाडीच्या समोर कधीही उभे राहू नये. क्लच दाबताच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर त्यावर टेकणारे), आणि न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्समधले बेअरिंग, असा माझा पहिला अंदाज असतो. एक गोष्ट मात्र तातडीची आहे. चाक काढून बसवल्यावर लगेच टक-टक सुरू झाली, तर गाडी तिथेच थांबवून नट तपासावेत.

उमरेड मार्ग

पावसाळ्यात शेतावरून परतल्यानंतर 80 च्या वेगाला स्टेअरिंग हलू लागले. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून विटेसारखी घट्ट बसली होती. ती खरवडून काढली आणि स्टेअरिंग स्थिर झाले.

सदर

माझ्या गाडीचा आवाज 50 च्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबताना येतो आणि सोडल्यावर जातो. तो वळताना बदलतो का, याकडे मी आजवर लक्ष दिले नव्हते. रविवारी पहाटे काटोल मार्ग रिकामा असतो, तेव्हा दोन्ही वळणे आणि न्यूट्रल तपासून इथे लिहितो.