‘ट्रान्सफरवेअर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: इंग्लंडमधल्या जुन्या निळ्या-पांढऱ्या बश्या जमवणाऱ्यांवर लेख लिहिते आहे. ‘ट्रान्सफरवेअर’साठी ‘छापील बशी’ चालेल का? की ‘ठशाची बशी’?

प्रतिसाद: ‘छापील’ चूक नाही, पण अपुरा आहे. ‘ठशाची’ मात्र नको. ठसा म्हटलं की कापडावर थेट उठणारा लाकडी ठसा डोळ्यांपुढे येतो. इथे नक्षी तांब्याच्या पत्र्यावर कोरतात. तिच्या रेघांत तेलात खललेला रंग भरून वर पातळ कागद दाबतात. रंग कागदावर आला की तो ओला असतानाच कागद एकदा भाजलेल्या, झिलई न चढवलेल्या बशीवर चिकटवून ब्रशने घासतात. मग कागद पाण्याने धुऊन काढायचा, नक्षी बशीवर राहते. झिलई आणि पुढची भट्टी त्यानंतर. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट गावच्या जोसाया स्पोड या कुंभाराने १७८४च्या सुमारास झिलईखालच्या निळ्या नक्षीची ही रीत पक्की बसवली. पत्रा बशीला कुठेच टेकत नाही!

म्हणून क्रियापद ‘उतरवणे’ घ्यावं. भरतकामाची नक्षी आपण कागदावरून कापडावर उतरवतो, तसंच हे. मी ‘उतरनक्षीची बशी’ म्हणेन.

प्रश्न: शब्द आवडला. पण ‘उतरवून काढणे’ म्हणजे नक्कल करणे, असाही अर्थ होतो ना?

प्रतिसाद: होतो, आणि म्हणूनच तो जास्त चपखल आहे. स्पोडच्या ‘इंडियन स्पोर्टिंग’ मालिकेतली हिंदुस्थानातल्या शिकारीची दृश्यं टॉमस विल्यमसनच्या पुस्तकातल्या चित्रांवरून घेतली होती. म्हणजे पुस्तकातून पत्र्यावर, पत्र्यावरून कागदावर, कागदावरून बशीवर, असं चित्र तीनदा उतरलं. १८४२च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानंतर दुसऱ्याची चित्रं अशी उचलणं अवघड झालं.

आणखी एक. या बश्यांना सरसकट ‘पोर्सेलीन’, म्हणजे अस्सल चिनी मातीच्या, लिहू नका. बहुतेक साध्या मातीच्या, पारदर्शक झिलईच्या असतात. ‘चिनी मातीची बशी’ हा आपला रोजचा शब्द ढोबळ आहे, त्यामुळे तो खपून जातो.

प्रश्न: काठावर नक्षीची दोन टोकं नीट जुळत नाहीत, वेल मध्येच तुटतो. जमवणारे ती जागा मुद्दाम शोधतात. तिला काय म्हणू? ‘जोड’?

प्रतिसाद: ‘सांधा’ म्हणा. कागदाची पट्टी गोल काठावर फिरवून आणली की टोकं जिथे भेटतात ती जागा, बांगडीला असतो तसा सांधा. हाताने रंगवलेल्या बशीला तो नसतो.