कार्लाइलच्या क्रिकेट ग्राउंडवरचं रोमन खोदकाम, हौशी माणसाने जावं का?

नवीपाहुणी:
नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कार्लाइलला आलोय, इंग्लंडच्या पार वरच्या टोकाला, पुढे लगेच स्कॉटलंड. इथे ईडन नदीच्या काठी क्रिकेट क्लबचं ग्राउंड आहे आणि त्याच आवारात चक्क रोमन स्नानगृह निघालंय! शेजारच्या आजी एरवी पावसापलीकडे काही बोलत नाहीत, पण हा विषय काढला की अर्धा तास सुटका नाही. त्यांचं म्हणणं सीझनला गावातलं कोणीही नाव देऊन खोदायला जाऊ शकतं. मी पडले कॉमर्सवाली, इतिहास दहावीला घोकला तेवढाच. तिथे जाऊन मी करणार काय? की नुसतं बाजूला उभं करून फोटो काढायला लावतात? मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला नेता येईल का? आणि मुळात एवढं सापडलंय तरी काय?

ईडनकाठ:
जा, बिनधास्त जा. मी जाऊन आलोय आणि मी पण आयटीवाला, मला खापर आणि कौल यातला फरक तिथेच कळला.

आधी गोष्ट ऐका. डिसेंबर २०१५ ला डेस्मंड वादळात ईडनला पूर आला, गावात पाणी शिरलं, क्लबचं पॅव्हेलियन पण वाया गेलं. नवीन बांधायचं म्हणून २०१७ ला आधी जमीन तपासली तर खाली हे घबाड. रोमन सम्राट हेड्रियनने इकडे आडवी लांबलचक भिंत बांधली होती, वर स्टॅनविक्स भागात त्या हेड्रियनच्या भिंतीवरचा सगळ्यात मोठा किल्ला होता, हजारभर घोडेस्वारांची पलटण, आणि त्याच्या खालच्या अंगाला नदीजवळ हे स्नानगृह. साधं नाही बरं का, 'आयएमपी' (इम्पेरेटर, म्हणजे सम्राट) असा शिक्का मारलेली कौलं निघालीत म्हणजे थेट बादशाही माल, आणि सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची बायको ज्युलिया डोम्ना हिच्या नावाचा शिलालेख पण आहे. हा सेव्हेरस २०८ ला ब्रिटनमध्ये आला आणि २११ ला यॉर्कला वारला, त्यामुळे इकडे त्याचं नाव निघालं की सगळ्यांचे कान टवकारतात.

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी वस्तू गटारात सापडल्या. अंगठीतले कोरीव खडे! लोक गरम पाण्यात, वाफेत बसायचे, त्याने खडा चिकटवलेला डिंक सुटायचा आणि खडा पाण्याबरोबर गटारात. एका जांभळ्या ॲमेथिस्टवर व्हीनस, रोमन लोकांची प्रेमदेवता, कोरलीय, नखाएवढ्या दगडावर अख्खी बाई, ज्याने कोरली त्याचे डोळे कसले असतील. ज्याचा खडा गेला तो बिचारा घरी जाऊन काय बोलला असेल देव जाणे.

२०२३ ला दोन दगडी डोकी निघाली, माणसाच्या डोक्याच्या तिप्पट. आणि त्याच साली लिंबाएवढा जांभळा गोळा मिळाला, तपासल्यावर कळलं की तो समुद्री गोगलगायींपासून काढतात तो टिरियन जांभळा रंग, मेण मिसळलेला. हा रंग म्हणजे राजघराण्याचं काम, आणि तो गोळा कुठे सापडला तर क्रिकेट क्लबात.

आता कामाचं. अनुभव लागत नाही, शिकवतात. पण पहिल्या दिवशी सोन्याची नाणी निघतील असं मनात धरून जाऊ नका. ट्रॉवेलने (छोटी थापी) माती हळूहळू खरवडायची, बादलीत भरायची, ओतून यायची, की परत तेच. कंटाळा आला तर धुवायच्या टेबलावर बसा, जुना टूथब्रश आणि टबभर पाणी. मला ते जास्त आवडलं कारण वस्तू हातात येते. चिखल निघत जातो आणि कौलावर कुत्र्याचा पंजा दिसतो, ओली कौलं उन्हात वाळत होती तेव्हा कोणाचं तरी कुत्रं वरून पळालेलं. त्या टेबलावर माझ्या शेजारी एक रिटायर्ड पोस्टमन आणि एक कॉलेजची मुलगी, तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि दुपारभर गप्पा.

मुलीचं आधी विचारून घ्या, वयाचे नियम असतात. नाहीतर ओपन डेला न्या.

सरळप्रश्न:
मला एक कळत नाही, रोमन तर बाहेरून आले, देश जिंकला, कर लावला. मग हे गोरे लोक त्यांच्याच चिलखतांचे ड्रेस घालून मिरवणुका काय काढतात? २०२२ ला भिंतीला १९०० वर्षं झाली तर वर्षभर कार्यक्रम. आपल्याकडे कोणी असं केलं तर?

ईडनकाठ:
प्रश्न बरोबर आहे, इथलेही काही जण विचारतात. पण भिंतीवर होते त्यातले खरे रोमचे किती? कार्लाइलच्या पश्चिमेला बर्ग बाय सँड्स म्हणून गाव आहे, तिथे तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांची तुकडी होती. पूर्वेच्या टोकाला साउथ शील्ड्सला एक थडग्याचा दगड आहे, सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या बाराटेसने आपल्या बायकोसाठी उभा केलेला. बायको रेजिना इथलीच, ब्रिटनच्या दक्षिणेकडची, आधी त्याची गुलाम होती, मग मुक्त केली आणि लग्न केलं. लॅटिन मजकुराखाली त्याने स्वतःच्या लिपीत एक ओळ कोरून घेतलीय. आता याला जेते म्हणायचं की पोटासाठी आलेली माणसं, तुम्हीच ठरवा. गुलामीची बाजू मिरवणुकीत दिसत नाही हे मात्र मान्य.

पंचगंगेकाठचा:
मंडळी तिकडे जाताय ते जावा, पण कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला पोसायडन बघितलाय का कोणी? रोमन काळातली ब्राँझची छोटी मूर्ती, ग्रीकांचा समुद्रदेव, आमच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये हाय. १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी ब्रह्मपुरीत खोदकाम पण केलेलं. रोज त्या टेकडीवरनं जाणाऱ्या पोरांना विचारा, शंभरातल्या नव्वदांना पत्ता नसतोय.

सरळप्रश्न:
@पंचगंगेकाठचा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं पण तेच. पेरिप्लस म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक व्यापारी-प्रवासाचं पुस्तक आहे, त्यात लिहिलंय की पैठणहून गोमेद आणि तगर म्हणजे आपल्या तेरहून कापड गाड्यांनी भडोचला जायचं, तिथून जहाजाने पुढे. पण तेरला निदान रामलिंगप्पा लामतुरे होते, गावात, शेतात सापडेल ते जपून ठेवलं म्हणून आज तिथे म्युझियम उभं आहे. कार्लाइलचे लोक आता करतायत ते त्या माणसाने एकट्याने केलं. हे मला मिरवणुकीपेक्षा जास्त पटतं.

नवीपाहुणी:
बाप रे एवढं सगळं, थँक्यू! खोदकामवाल्यांना मेल टाकलाय, मुलीचं पण विचारलंय. अजून एक बावळट प्रश्न, खोदताना एखादं फुटकं खापर आठवण म्हणून घेता येतं का? आणि घालू काय?

ईडनकाठ:
खापर बिलकुल नाही, नखाएवढं असलं तरी पिशवीत, पिशवीवर नंबर. ज्या थरात सापडलं तो नंबर गेला की त्या खापराला काही अर्थ राहत नाही. घरी नेण्यापेक्षा गावातल्या टली म्युझियममध्ये जा, भिंतीवरच्या वस्तू तिथे निवांत बघता येतात. घालायला जुनी पँट, पाणी न शिरणारे बूट आणि रेनकोट, जून असला तरी. गुडघ्याखाली घ्यायला जाड उशी न्या, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.